तिसरी प्लेट

१

तीन प्लेटा आत गेल्या होत्या अन् बाहेर आल्या दोनच.

बस, एवढंच. कोणी मेलं नव्हतं, कुठं कुलूप तुटलं नव्हतं, तिजोरी फुटली नव्हती. बुलढाण्याच्या एका हाडाच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या लॅबमधी, महनूर रजिस्टर घेऊन उभी होती अन् तेच पान तिसऱ्यांदा वाचून राह्यली होती.

महनूर म्हणजे तिथली टेक्निशियन. चोवीस वर्षांची, नोकरीले वरीसच झालं. दुसरं कोणी असतं तं म्हटलं असतं, जाऊ दे बे, एक प्लेट गेली तं गेली. पण तिले त्या प्लेटमधी कोणाचा नमुना होता ते माहीत होतं.

दुसरबीडच्या अन्नपूर्णाबाई. भाजीपाल्याचा मळा, वय बासष्ट, आवाज असा की एसटी स्टँडवरून हाक मारली तं कंडक्टर घंटी मारायचं विसरते. तीन वर्षांआधी त्यायचा उजवा गुडघा याच दवाखान्यात बदलला. अडीच वर्षं बाई पळाली. मंग दुखणं सुरू झालं. एक्स-रे काढला तं नवा सांधा हाडातून सुटून हलून राह्यलेला. आता तो काढून दुसरा बसवायचा होता. सोमवारी. अन् आज होता गुरुवार.

सवाल एकच होता. सांधा नुसता ढिला झाला, का आत जंतू लपून बसला? नुसता ढिला असंल तं जुना काढा, नवा ठोका, एका दिवसात काम खतम. पण जंतू असंल अन् कोणाले कळलंच नाही, तं नवा सांधाही सडते. मंग तिसऱ्यांदा बसवाले हाडच उरत नाही. पाय लाकडासारखा ताठ राहते, नाही तं सरळ कापा लागते.

म्हणून दीड महिन्याआधी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं होतं. ते पाणी तीन प्लेटांवर पसरलं. प्लेट म्हणजे झाकणाची छोटी बशी, आत जंतूच्या खाण्याचा थर. गरम कपाटात पाच दिवस ठेवायची. जंतू असंल तं ठिपके उगवतेत. पाचव्या दिवशी काहीच उगवलं नव्हतं. रिपोर्ट गेला: वाढ नाही. बाईची शुगर वाढलेली, म्हणून ऑपरेशन थांबलं होतं, तेही आता जमलं.

पण आज सकाळी महनूरनं बाईचं रक्त तपासलं. ई.एस.आर. अठ्ठ्याऐंशी! म्हणजे अंगात कुठंतरी भट्टी पेटलेली. तिनं जुनं रजिस्टर उघडलं. प्लेट टाकताना प्रत्येकीसमोर दिवस अन् सही लिहा लागते. पहिली: पाचवा दिवस, टाकली, सही. दुसरी: तेच. तिसरी?

तिसरीसमोर पांढरी शाई फासलेली होती.

महनूरनं पान उचलून खिडकीच्या उन्हात धरलं. पांढऱ्या थराखाली एक आकडा उमटला होता.

अकरा.

पाच दिवसांत टाकायची प्लेट अकराव्या दिवशी कोण पाहून राह्यलं होतं? अन् पाहून पुसलं काऊन?

२

“ई.एस.आर. म्हाताऱ्या माणसात वाढलेलाच असतो,” हर्षल सर म्हणाले. मान वर नाही, डोळा एक्स-रेवर. सर म्हणजे दवाखान्याचे मालक. हात भारी, नाव त्याहून भारी. जिल्ह्यात अर्धे गुडघे त्यायनंच बसवलेले.

“सर, पण तिसरी प्लेट—”

“महनूर, रिपोर्ट तू द्यायचा. निर्णय मी घ्यायचा. रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना?”

“रिपोर्ट चुकीचा असू शकते, सर.”

आता मात्र मान वर झाली. “माझ्या थिएटरमधून आजवर एकही गुडघा सडून आलेला नाही. बाई मांडी घालून बसल्या असतील, तण काढत बसल्या असतील. सांगितलं होतं, खाली बसायचं नाही. सांधा ढिला झाला. विषय संपला.”

दुसरी कोणी असती तं सॉरी सर म्हणून निघाली असती. महनूरची मान काही खाली गेली नाही.

“सर, मी तुमच्या थिएटरचं बोलूनच नाही राह्यली. मी तिच्या पायाचं बोलून राह्यली.”

सरांनी एक्स-रे बाजूले ठेवला.

“रविवारी संध्याकाळी पाच,” सर म्हणाले. “तोपर्यंत पुरावा आण. शंका नको, पुरावा. नाही तर सोमवारी आठ वाजता मी चीर देणार, आणि तू दुसरी लॅब शोधायची.”

बाहेर आली तं दारातच धम्मशीलाताई कमरेवर हात ठेवून उभ्या. थिएटरच्या मोठ्या सिस्टर. अठरा वर्षं त्यायच्या हातून हत्यारं उकळून निघाली.

“काय वं, माझं थिएटर घाण म्हणून सांगून आली का?”

“नाही हो ताई.”

“सगळे तेच कुजबुजून राह्यले. चाल इकडं.” त्यायनं तिले ओढतच नेलं अन् तीन वर्षांआधीची वही समोर आपटली. “हे पाय. त्या दिवशी चार गुडघे झाले. एकच टेबल, एकच हत्यारं, मीच उभी. अन्नपूर्णाबाईचा नंबर तिसरा. बाकीच्या तिघीले मी गेल्या महिन्यात फोन लावले. एक रोज सकाळी दोन किलोमीटर फिरते. एक नातवाच्या लग्नात नाचली! उरलेली एक माझ्यासंगच भांडली. चौघीत एकीचाच सडंल काऊन? अन् सडायचाच होता तं अडीच वर्षं तिले पळू कसा देल्ला?”

महनूरच्या डोक्यात लाईट लागला. जंतू थिएटरमधला नव्हता. तो मागून आला. बाहेरून.

पण कुठून? अन् अशी कोणती जात होती, जे पाच दिवस प्लेटवर तोंडच दाखवत नाही?

३

“आली का वं, पुन्हा रक्त प्याले?”

अन्नपूर्णाबाई खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. शेजारी स्टुलावर नवरा, तुळशीरामभाऊ, भुईमुगाच्या शेंगा फोडून त्यायच्या हातावर दाणे ठेवून राह्यलेले. माणूस गरीब, बोलणं कमी.

“मावशी, आज रक्त नाही. नुसतं विचारते. ताप येते का तुम्हाले?”

“नाही,” तुळशीरामभाऊ लगेच म्हणाले.

“तुम्हाले कोन इचारलं हो?” बाई खेकसल्या. “येते पोरी. दिवस बुडाला का अंग मोडून येते. घामानं लुगडं असं वलं होते का पिळून घ्या. सकाळी पाहा तं मी ठणठणीत. कंबर बी धरते.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“अन् गुडघा कधीपासून दुखते?”

बाईनं थोडा विचार केला. “दिवाळीच्या मांगून.”

“घरी जनावरं आहेत?” कॉलेजात शिकवलेलं, लांबलेला ताप असला का जनावराचं विचारा.

“शेपटीवालं एक बी नाही,” तुळशीरामभाऊ पुन्हा घाईनं. “मांजर बी नाही पाळली आम्ही. पाह्यजे तं येऊन पाहा. दवाखान्याच्या फॉर्मवर बी लिहून देल्लं हाय.”

खरं बोलून राह्यले होते, ते तोंडावरून कळत होतं. मंग दाणे टरफलात अन् टरफलं बाईच्या हातावर काऊन ठेवून राह्यले होते?

महनूरनं नाडी पाहायच्या निमित्तानं बाईचा हात धरला. अन् तिथंच अडकली. उजव्या हाताची पाचही नखं मुळापासून कापलेली, बोटाच्या मांसात घुसतील एवढी. डावा हात पाह्यला. नखं वाढलेली, मातीनं काळी. एकाच हाताची नखं कोण कापते? उशाले तेलाची बाटली होती. जवसाचं तेल, अर्धी रिकामी. पण बाईच्या डोक्यावर तेलाचा थेंब नाही, केस कोरडे, पिंजारलेले.

तिनं काही विचारलं नाही. मनात गाठ मारून ठेवली.

“मावशी, एक सांगू? तुमच्या गुडघ्यातलं पाणी आम्ही पाच दिवस ठेवलं. काहीच उगवलं नाही. सर म्हणते काहीच नाही म्हणून.”

बाई हसल्या. अशा हसल्या की समोरच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला.

“पाच दिवस? मेथी टाकली तं तिसऱ्या दिवशी वर येते. कोथिंबिरीले दहा-बारा दिवस लागते, थंडी असली तं जास्तच. पाचव्या दिवशी वाफा मोडला अन् म्हटलं जमीन वांझ हाय, तं लोक काय म्हनतीन? येडी म्हनतीन ना? कोन्तं बी टाकलं ते तं पाहा आंधी!”

महनूर खाटेच्या कडेले बसूनच गेली. पाच दिवसांचा नियम मेथीचा होता. अन् आत होती कोथिंबीर.

तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. त्या माणसाले पाहताच तुळशीरामभाऊच्या मांडीवरच्या सगळ्या शेंगा खाली सांडल्या.

४

“आक्का! कैसी तब्येत? बेटी शकीला रोज पूछती, आक्का कब आती, आक्का कब आती—”

“फकीरभाऊ, चला, चहा घेऊ खाली,” तुळशीरामभाऊ उठून त्यायले बाहेर लोटून राह्यले.

“अरे पर अभी तो आया मैं!”

“चला तं!”

महनूर मधात आडवी झाली. “चाचा, तुमचा धंदा काय?”

“बकऱ्यांचा, बेटा. दुसरबीडले पुरा कळप हाय आपला. क्यों?”

बकऱ्या! तिनं बाईच्या उजव्या हाताकडं पाह्यलं. मंग तेलाच्या बाटलीकडं. अन् सगळं एकदम जुळलं, जसं कुलपात चाबी फिरावी.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “अडलेली बकरी तुम्ही सोडवता ना?”

तुळशीरामभाऊनं हात जोडले. “पोरी, सरायले नको सांगू. खाली बसाले मनाई होती. ऐकलं नाही म्हून ते कापतच नाही म्हनतीन—”

“काऊन हात जोडून राह्यले हो?” बाई कडाडल्या. “म्या काय चोरी केली? हाव, सोडवतो! माह्या मायनं शिकवलं. पिलाचा पाय अडकला का दुसऱ्याचा हात जात नाही, माहा जाते. लहान हाय. नखं काढतो, तेल लावतो, आत घालतो अन् पिलू वळवून काढतो. उभ्यानं होते का ते काम? खाली बसाच लागते. मुकं जनावर वरडून राह्यलं अन् मी म्हनू का, थांब बाई, डाक्टरले इचारून येतो?”

दवाखान्यात कोणी हे विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, घरी जनावरं आहेत का. नव्हतीच! बकऱ्या दुसऱ्याच्या, गोठा दुसऱ्याचा. धंदा विचारला तं भाजीपाला. अडलेल्या बकरीसाठी जाणं हा काही धंदा नव्हता. तिथं सगळ्या बायका शेजारणीसाठी धावतेत तशी ती धावत होती, त्याले कोणी कामच म्हणत नव्हतं.

“चाचा, दिवाळीच्या आधी कळपात काही झालं होतं?”

फकीर मोहम्मदचा चेहरा उतरला. “पाच बकऱ्या गाभडल्या, बेटा. लाईन से. मेलेली पिलं. पाचही आक्कानंच सोडवल्या. शकीलानं ताजं दूध देल्लं आक्काले, धारोष्ण. ताकद येते म्हून.”

“हातात मोजे?”

“कायचे मोजे?” बाई म्हणाल्या. “मिरच्या तोडून बोटं फाटलेली होती, तशीच घातली.”

महनूरच्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या पुस्तकाचं पान उभं राह्यलं. एक जंतू. ज्याच्यानं बकऱ्या गाभडतेत. माणसाले लागला तं रोज संध्याकाळी ताप अन् घाम, कंबर धरते, सकाळी माणूस चांगला. फाटलेल्या कातडीतून जाते, कच्च्या दुधातून जाते. रक्तातून फिरत हाडाशी येते अन् तिथं लोखंडाचा सांधा दिसला का त्याच्यावर घर बांधते. ब्रुसेला. अन् उगवते कसा? कोथिंबिरीवाणी. सावकाश.

पण हे झालं अंदाजाचं. सरले पाह्यजे होता पुरावा, अन् पुरावा होता तिसऱ्या प्लेटवर. प्लेटा टाकायचं काम लॅबमधी एकाच माणसाकडं होतं. अकरमभाई. तिचे सिनिअर, ज्यायनं तिले सुई धरायपासून शिकवलं.

अकरमभाई मंगळवारपासून सुटीवर होते.

कायच्यानं? तापानं.

महनूर जिन्यातच थांबली. संध्याकाळी येणाऱ्या, सकाळी उतरणाऱ्या तापानं.

५

शुक्रवारी दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, अकरमभाई स्वेटर घालून दिवाणावर बसले होते.

“मलेरिया नाही, टायफाईड नाही,” त्यायची बायको मलिहा म्हणाली. “तीन हफ्ते झाले. रात को चादर निचोड़ लो, इतका घाम. अन् कंबर धरून बसतेत.”

ती चहा टाकाले आत गेली. महनूर स्टुलावर बसली. या माणसाले कसं विचारायचं? याच माणसानं तिले शिकवलं होतं, झाकण उचलायचं अन् प्लेटचा वास घ्यायचा. हा द्राक्षासारखा आला तं हा जंतू, हा खराब मासळीवाणी आला तं तो. मशीन मागून सांगते बेटा, नाक आधी सांगते. पुस्तकात लिहिलं आहे, वास घेऊ नका. पण जुने टेक्निशियन घेतेतच. त्यायची शानच ती.

तिनं सरळच विचारलं.

“अकरमभाई, तिसऱ्या प्लेटचा वास कसा होता?”

आत कपाची बशी वाजली. अकरमभाईनं दिवाणावरची चादर अंगावर ओढली.

“काहीच नव्हता,” ते म्हणाले. “तेच तर.”

मंग सगळं निघालं. प्लेट ट्रेच्या मागं सरकली होती. पाचव्या दिवशी दिसलीच नाही. अकराव्या दिवशी साफसफाईत सापडली. वर एकदम बारीक ठिपके, दवबिंदूवाणी. त्यायनं झाकण उचललं, नाकापाशी नेली, लंबा श्वास घेतला. वास नाही. वाटलं, धूळ पडली. रजिस्टरमधी अकरा लिहिलंही. अन् मंग भीती वाटली.

“रिपोर्ट जाऊन सहा दिवस झाले होते. वीस वर्षांत एक रिपोर्ट वापस नाही घेतला मी, महनूर. म्हटलं धूळच आहे. प्लेट टाकली. शाई लावली.”

“धूळ नव्हती ते. अन् तुमचा ताप—”

“समझ गया मैं.” त्यायनं कपाळावरचा घाम पुसला. “दोन दिवसांपासून समजूनच राह्यलो. पण मानत नव्हतो.”

“मंग रिपोर्ट वापस घ्या! सोमवारी तिच्या पायावर करवत चालणार आहे. तुमचं नाव मोठं का तिचा पाय?”

असं कोणी अकरमभाईशी बोललं नव्हतं. मलिहा चहा घेऊन दारात आली. अकरमभाईनं महनूरकडं पाह्यलं, अन् हळूहळू स्वेटरची बाही वर सारली.

“सुई आणली का?”

६

शनिवारी सुटी होती, तरी समतानं जनावरांच्या लॅबचं कुलूप उघडलं. समता महनूरची कॉलेजची मैत्रीण, आता गाई-बकऱ्यांचे नमुने तपासते.

“माणसाचं रक्त माझ्याकडं आणून राह्यली, पागल झाली का बे?”

“जंतू तोच आहे ना? तो काही विचारत नाही, तू बकरी का बाई.”

पांढरी टाईल. तिच्यावर रक्तातल्या पिवळ्या पाण्याचे तीन थेंब. पहिला महनूरचा स्वतःचा, कारण चांगलं रक्त कसं दिसते तेही पाह्यजे. दुसरा अन्नपूर्णाबाईचा. तिसरा अकरमभाईचा. दोघांयले तिनं विचारून घेतलं होतं. समतानं प्रत्येकात गुलाबी औषधाचा एक थेंब सोडला. या औषधात तोच जंतू असते, मारलेला, रंगवलेला. रक्तानं त्याले आधी पाह्यलं असंल तं रक्त ओळखते अन् पकडून गुठळ्या करते. नसंल पाह्यलं तं काहीच नाही.

“चार मिनिटं,” समता टाईल हालवत म्हणाली.

महनूरचा थेंब: साफ गुलाबी, सरबतावाणी.

अन्नपूर्णाबाईचा थेंब: एक मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाले कडेले कणी दिसली. मंग सगळा थेंब फाटला, नासलेल्या दुधावाणी.

अकरमभाईचा: तसाच. तंतोतंत.

समतानं टाईल खाली ठेवली. “मायबाई,” ती म्हणाली, “एक बकरीजवळ गेली, एक प्लेटजवळ गेला.”

“अन् चोर एकच,” महनूर म्हणाली.

७

रविवारी पावणेपाच. सरांच्या केबिनमधी बसाले जागा नव्हती. धम्मशीलाताई भिंतीले टेकून, अकरमभाई स्वेटरमधी, तुळशीरामभाऊ दारात, अन् मधात चाकाच्या खुर्चीत अन्नपूर्णाबाई, आपल्याच दरबारात बसल्यावाणी.

महनूरनं एका दमात सांगतलं. त्या दिवशीच्या बाकी तिघी चांगल्या, म्हणजे जंतू थिएटरचा नाही. ताप दिवाळीपासून, गुडघा त्याच्यानंतर, म्हणजे जंतू दिवाळीच्या आसपास आला. उजव्या हाताची नखं, तेल, गाभडलेल्या पाच बकऱ्या, म्हणजे आला कुठून ते कळलं. पाचव्या दिवशी काही नाही अन् अकराव्या दिवशी ठिपके, म्हणजे सावकाश उगवणारा. अन् त्या ठिपक्यांचा वास घेणारा माणूस आज त्याच तापानं फणफणून राह्यला. शेवटी तिनं टाईलचा फोटो ठेवला.

सरांनी फोटो पाह्यला. “जनावरांच्या लॅबची टेस्ट? मला दाखवतेस?”

“मोठ्या लॅबले पण नमुना पाठवला सर. रिपोर्ट यायचा आहे. पण सोमवार त्याच्या आधी येते.”

“गुठळ्या चुकूनही येऊ शकतात. माझ्याकडे प्लेटांचा लेखी निगेटिव्ह रिपोर्ट आहे.”

“नाही, सर.” अकरमभाई उठले. “तो रिपोर्ट माझ्या सहीचा आहे. चुकला होता. मी वापस घेतो.” अन् त्यायनं सगळ्यांसमोर, सरांच्याच पेनानं, त्याच्यावर आडवी रेघ मारली.

“अन् माझंही ऐका,” धम्मशीलाताई म्हणाल्या. “हा जंतू आत असताना करवत चालली तं तो फवारा माझ्या पोरींच्या नाकात जाईन. आधी औषध, आधी बंदोबस्त. नाही तं उद्या मी टेबल लावत नाही. काढा मले नोकरीवरून.”

सर लाल झाले. “तुम्ही सगळे ठरवून आलात का?”

“सर,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “पाय कोनाचा हाय?”

सरांनी टाईलचा फोटो टेबलावर पालथा घातला.

“म्या खोटं बोलली. खाली बसली, सांगतलं नाही. ते माहं चुकलं. पन तुम्ही बी इचारलं नाही. शेपटी मोजली, हात नाही पाह्यला. आता या पोरीनं पाह्यला तं तिच्यावर रागावून राह्यले?”

सर खुर्चीतून उठले. खिडकीजवळच्या काचेच्या डब्याचा लाईट लावून त्यायनं एक्स-रे लटकवला. सांधा अन् हाडाच्या मधात काळी रेघ होती, खोल, दोन ठिकाणी दात मारल्यावाणी खाल्लेली. तो एक्स-रे त्यायनं महिनाभरात दहा वेळा पाह्यला असंल. आता अकराव्यांदा पाह्यला. मंग परत आले, खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले अन् बाईचा उजवा हात हातात घेतला. नखं पाह्यली. एक-एक.

“फॉर्मवर भाजीपाला लिहिलं आणि मी पुढे गेलो,” ते म्हणाले, जसे स्वतःलेच.

भिंतीवर पांढरा फळा होता, सोमवारची यादी. सरांनी तळहातानंच पहिलं नाव पुसलं.

“एकदम नवा सांधा नाही,” ते महनूरकडं न पाहता म्हणाले. “आधी गोळ्या. मग जुना काढायचा, मधे औषधाचं सिमेंट ठेवायचं, दीड-दोन महिने थांबायचं. साफ झालं की मग नवा. आणि महनूर... काढलेल्या मांसाचे पाच तुकडे देईन. किती दिवस ठेवशील?”

“एकवीस, सर.”

“ठेव. आणि वास घ्यायचा नाही कोणी.”

अकरमभाईनं मान खाली घातली अन् तशीच हलवली.

८

मोठ्या लॅबचा रिपोर्ट बुधवारी आला. जंतू तोच. जुना सांधा निघाला तेव्हा थिएटरमधी सगळे चष्मे, दोन-दोन मास्क लावून उभे होते. पाच तुकडे प्लेटांवर गेले, या वेळी काचेच्या बंद पेटीत. पाचव्या दिवशी? काही नाही. सहाव्या, सातव्या, काही नाही. महनूर रोज जाऊन पाहे. नवव्या दिवशी पाचातल्या तीन प्लेटांवर दव पडलं होतं.

तिनं फोन लावला. “मावशी, कोथिंबीर उगवली!”

“म्या काय सांगतलं होतं!” फोन कानापासून दूर धरा लागला.

फकीर मोहम्मदनं पुरा कळप तपासून घेतला. अकरमभाई सहा आठवडे गोळ्या खाऊन कामावर आले अन् पहिल्याच दिवशी गरम कपाटाच्या दारावर आपल्या हातानं कागद चिकटवला: हाडाच्या प्लेटा, एकवीस दिवस, मागं सरकलेल्या पण मोजा.

अन् दिवाळीच्या आठ दिवस आधी, सकाळच्या गर्दीत, लॅबच्या दारावर काठी वाजली. अन्नपूर्णाबाई. नवा सांधा बसलेला, काठी नुसती हातात, टेकवत नव्हत्या. मागं एक ओढणीवाली पोरगी, फकीरभाऊची शकीला.

“रक्त द्याले आल्या का मावशी?”

“रक्त गेलं खड्ड्यात. मोजे दे. कोपरापरेंत येतीन असे लांब. चार जोड्या दे, हे पोट्टी बी शिकून राह्यली.”

महनूरनं कपाळाले हात लावला. “मावशी! सरांनी काय सांगतलं? बकऱ्याले हात लावायचा नाही!”

“मंग?” बाईनं तिच्याकडं असं पाह्यलं जशी हीच येडी. “हात कुठं लावून राह्यली मी? म्हून तं मोजे मांगतो!”

“अन् दूध?”

“उकळून. तीनदा. इचार इले.”

शकीलानं जोरात मान हलवली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, बाईनं काठी काखेत मारली, अन् चार जोड्या पिशवीत कोंबून दुसरबीडच्या गाडीकडं निघाल्या. उजव्या हाताची नखं, महनूरनं पाह्यलं, मुळापासून कापलेली होती.